वाचकांचे प्रश्न : नजरेआड राहिलेले विज्ञानपट

या खेपेला विज्ञानपटांवरचीच पत्रं जास्त आली. सगळ्यांनी पाहिलेले, मोठ्या खर्चाचे सिनेमे उत्तरांत मुद्दाम घेतलेले नाहीत.

प्रश्न : कालप्रवासावरचे गाजलेले सिनेमे पाहून झाले. कुणीतरी 'प्रायमर' सुचवला, पण अर्ध्यावर सोडला. डोक्यावरून गेला. दुसरं काही आहे का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : सिनेमा चांगलाच आहे, तुमचा क्रम तेवढा उलटा झाला. आधी जुन्ता यामागुची यांचा जपानी 'बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स' (2020) पाहा. अवघ्या 70 मिनिटांचा, फोनवर चित्रित केलेला, आणि एकाच सलग शॉटमध्ये घडतोय असं वाटायला लावणारा. कॅफेमालकाच्या वरच्या खोलीतल्या संगणकावर खालच्या कॅफेतलं दोन मिनिटं पुढचं दिसतं. पडद्यावरचा तो स्वतःच त्याला काहीतरी सांगतो, आणि मग तेच वाक्य बोलायला याला जिना उतरून खाली धावावं लागतं. नियम एकच असल्यामुळे गोंधळ होत नाही. त्यानंतर नाचो विगालोंदो यांचा स्पॅनिश 'टाइमक्राइम्स' (2007) घ्या. त्यात उडी जेमतेम एका दुपारची आहे. थोडी नग्नता आणि हिंसा आहे, तेव्हा मुलं झोपल्यावर लावा.

मग 'प्रायमर' (2004). शेन कॅरथ यांनी सुमारे 7 हजार डॉलरमध्ये तो केला. लेखन, दिग्दर्शन, संगीत, संकलन आणि एक मुख्य भूमिकाही त्यांचीच. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. त्यातलं कालयंत्र म्हणजे माणूस मावेल अशी पेटी. तिचा नियम आधी पक्का करा, म्हणजे पुढचं जड जात नाही. पेटी सकाळी 9 ला चालू केली आणि दुपारी 3 ला तुम्ही आत शिरलात, तर आत सहा तास बसून तुम्ही बाहेर पडता ते सकाळी 9 ला. पेटी चालू होण्याआधीच्या वेळेत जाता येत नाही. मधल्या सहा तासांत जगात तुमच्या दोन प्रती असतात. म्हणूनच सिनेमातले दोघे मित्र दिवसभर हॉटेलच्या खोलीत फोनबिन बंद करून बसतात. एका दृश्यात खिशातला मोबाइल वाजतो आणि दोघांचे चेहरे उतरतात. त्याच नंबरचा दुसरा फोनही त्या क्षणी जगात आहे, मग वाजला कोणता? हे लक्षात आलं की सिनेमा तुमच्या हातात आला. 77 मिनिटं न थांबता पाहा. कागदावर रेघा मारायच्या त्या दुसऱ्यांदा पाहताना, पहिल्यांदा नव्हे. शेवटची वीस मिनिटं मात्र कागद घेऊनही पुरती सुटत नाहीत, आणि सगळं सुटलं असं सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही.

प्रश्न : 'द व्हास्ट ऑफ नाइट' लावला. सुरुवातीचं बोलणं कळेना, आणि मधेच पडदा काळा झाला. तीनदा ॲप बंद करून पाहिलं. प्रत खराब असते का? – एक वाचक, सक्करदरा

उत्तर : प्रत ठणठणीत आहे. अँड्र्यू पॅटरसन यांच्या या सिनेमात (2019) रेडिओ स्टेशनवर एक फोन येतो. पलीकडचा माणूस बोलत असताना चित्र काढूनच घेतलंय, म्हणजे तुम्ही नुसतं ऐकावं. आवाज चालू असेल तर रिमोटला हात लावू नका. 'कोहेरन्स'मध्येही (2013) दृश्यांच्या मधे पडदा अचानक काळा होतो, तेही जाणूनबुजून.

बोलणं न कळण्याचं कारण बहुधा कूलर. पहिली वीसेक मिनिटं पात्रं चालता चालता भराभरा बोलतात. कूलरचा सूं आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, आणि त्यात आधी बुडतात ती स, त, क यांसारखी हलकी व्यंजनं. आवाज वाढवला तर संगीत अंगावर येतं, शब्द तिथेच राहतात. इंग्रजीच सबटायटल लावा. टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये संवाद ठळक करायचा पर्याय असेल तर तो चालू करा, नाहीतर सरळ हेडफोन. टेलिफोन एक्स्चेंजमधला नऊ-दहा मिनिटांचा शॉट कॅमेरा जवळजवळ एकाच जागी ठेवून घेतलाय. त्यात मुलगी फक्त वायरी खुपसते, काढते आणि ऐकते. तिथे शब्द निसटले तर सगळंच निसटलं.

टीव्ही नवा असेल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा. सॅमसंगवर ती 'ऑटो मोशन प्लस', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो' या नावाने सापडेल. सेकंदाला 24 चौकटींच्या सिनेमात ती मधल्या चौकटी स्वतःच बनवून घालते, आणि सगळं मालिकेसारखं दिसायला लागतं.

प्रश्न : जुन्या युरोपीय डीव्हीडीला सबटायटल जोडले की सुरुवातीला बरोबर असतात, पण तासाभराने पार मागे पडतात. – एक वाचक, सदर

उत्तर : मागेपुढे करून हे सुटणार नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' या कळांनी सबटायटल 50 मिलिसेकंदांनी अलीकडे-पलीकडे सरकतात, पण ते फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असेल तेव्हा. तुमच्याकडे फरक वाढत जातोय, म्हणजे घोळ वेगाचा आहे. युरोपीय डीव्हीडीवर सेकंदाला 24 चौकटींचा सिनेमा 25 ने पळवलेला असतो. 100 मिनिटांचा सिनेमा 96 मिनिटांत संपतो, आणि 24 साठी बनवलेलं सबटायटल तासाभरात दोन-अडीच मिनिटं मागे राहतं. 'सबटायटल एडिट' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात फ्रेम रेट बदलायच्या पर्यायात मूळ 23.976 (व्हिडिओत 24 चा नेमका आकडा बहुधा हाच असतो) आणि नवा 25 टाकून फाइल जतन करा. अक्षरांच्या जागी चौकोन आले तर जतन करताना यूटीएफ-8 ही अक्षरसंकेताची पद्धत निवडा.

लांबी तपासायची सवय असू द्या, पण एवढ्याने आवृत्ती ठरवू नका. यिंद्रिख पोलाक यांचा चेकोस्लोव्हाक 'इकारिए एक्सबी 1' (1963) अमेरिकेत 'व्हॉयेज टू द एंड ऑफ द युनिव्हर्स' नावाने गेला, तेव्हा सुमारे दहा मिनिटं कापली, इंग्रजी डबिंग केलं आणि शेवटच बदलला. ती आवृत्ती पाहून 'ठीक आहे' म्हणणारे बरेच भेटतात. चेक भाषेतलीच पाहा. श्रेयनामावलीतली नावं इंग्रजी वाटली तर तिथेच थांबा.

प्रश्न : बाबाले सबटायटल वाचाचा भल्ला कंटाळा येते. हिंदी-मराठीतलं काही सांगा न. – एक वाचक, महाल

उत्तर : आरती कडव यांचा 'कार्गो' हिंदीत आहे, नेटफ्लिक्सवर आलेला. पुष्पक 634-ए या यानावर मेलेली माणसं येतात. त्यांच्या जखमा भरायच्या, आठवणी पुसायच्या आणि पुनर्जन्माला पाठवायचं, ही राक्षसांची सरकारी छाप नोकरी. बाबा नोकरीतून निवृत्त झालेले असतील तर त्यांना यातली फायलीगिरी जास्त आवडेल. लहान हवा असेल तर सुजॉय घोष यांचा 'अनुकूल' (2017). सत्यजित राय यांच्या कथेवरचा, वीसेक मिनिटांचा, यूट्यूबवर. मराठीत सुजय डहाके यांचा 'फुंतरू' (2016) आहे. उत्तरार्ध सैल आहे, तरी मराठीत असा प्रयत्न विरळाच.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर मे महिन्यात विज्ञानपटांचा कार्यक्रम करायचा आहे. चाळीसेक माणसं. काय लावावं? – एक वाचक, मनीषनगर

उत्तर : मे महिना सोडा. बहुतेक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत 35 ते 40 अंशांची कमाल मर्यादा असते. नागपूरची गच्ची रात्री आठलाही त्या आसपास तापलेली असते, आणि प्रोजेक्टर स्वतःला वाचवायला बंद पडतो. त्याच्यावर कूलर रोखू नका, ओली हवा आत ओढली जाते. शिवाय मेमध्ये सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, चित्र नीट दिसायला साडेसात उजाडतात. डिसेंबरात करा, किंवा हॉलमध्ये.

पडद्याची रुंदी गुणिले प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर आणि रुंदीचं प्रमाण), इतकं अंतर पडदा आणि प्रोजेक्टर यांत लागतं. रेशो 1.5 आणि पडदा 8 फूट असेल तर 12 फूट. नुसती चादर लावली तर अर्धा उजेड मागे निघून जातो, मागे जाड गडद कापड टांगा. आवाजासाठी वेगळा स्पीकर हवाच.

चाळीस जणांसमोर सव्वादोन तासांचा रशियन सिनेमा लावू नका, लोक अर्ध्यात चहाला जातात आणि परत येत नाहीत. तीन लघुपट लावा. क्रिस मार्कर यांचा 'ला जते' (1962) 28 मिनिटांचा, जवळजवळ पूर्ण स्थिरचित्रांचा. त्यात एकच शॉट हलतो, झोपलेली बाई डोळे उघडते तो. हे आधी सांगू नका. त्याची इंग्रजी निवेदनाची प्रतही आहे, गर्दीला तीच सोयीची. मग वानुरी काहियू यांचा केनियातला 'पुम्झी' (2009), वीसेक मिनिटांचा. पाणी संपलेल्या जगात घाम आणि लघवी गाळून प्यावी लागते. शेवटी 'अनुकूल'. एकूण सव्वा तास, वर गप्पा. ओटीटीचं घरगुती खातं अशा प्रदर्शनासाठी नसतं, तेव्हा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना आधी पत्र टाका. लघुपटांना होकार त्या मानाने लवकर मिळतो.

प्रश्न : आणि तो रशियन सिनेमा कोणता? – याच वाचकाचं दुसरं पत्र

उत्तर : दानेलिया यांचा 'किन-झा-झा!' (1986). मोसफिल्म या रशियन चित्रसंस्थेच्या यूट्यूब वाहिनीवर आहे, दोन भागांत, इंग्रजी सबटायटलसकट. वाळवंटी ग्रहावर काडेपेटीची काडी ही संपत्ती आणि 'कू' हा जवळपास सगळ्याला पुरणारा शब्द. पहिला अर्धा तास कंटाळा येईल. तेवढा सोसा, आणि दुसरा भाग दुसऱ्या दिवशी पाहा.