ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमधल्या शेकडो नोंदींतल्या मेलेल्या लिंक कशा शोधायच्या?

एकेक लिंक उघडून बघत बसू नका. नोंदी साध्या मार्कडाउन (म्हणजे मजकुराच्या) फाइल्स आहेत, त्यामुळे ‘लीची’ (lychee) हे लिंक तपासणारं मोफत कमांड-लाइन टूल अख्ख्या फोल्डरवर चालवा.

तुटलेल्या लिंकची यादी आली की लगेच डिलीट करत सुटू नका. साइटकडून उत्तराचा कोड 404 किंवा 410 आला तर पान बहुधा गेलंच. 403 आणि 429 मात्र बऱ्याचदा फसवे असतात: साइटने टूलला दारातच अडवलेलं असतं, ब्राउझरमध्ये पान व्यवस्थित उघडतं. उलट काही साइट्स गायब पानाच्या जागी मुखपृष्ठ दाखवून 200 (म्हणजे ‘सगळं ठीक’) देतात. ते टूलला कळत नाही, महत्त्वाच्या लिंक डोळ्यांनीच बघा. गेलेलं पान वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात शोधा, मिळालं तर तो पत्ता टाका.

नोंदींमधल्या आपसातल्या लिंक? फाइलचं नाव ऑब्सिडियनमधूनच बदला, बाहेरून बदललंत की त्या तुटतात.