पेढे वाटून झाले, आता काय?

पत्र : मुलगी साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकांकिकांमध्ये अभिनयाची बक्षिसं मिळवते. मुंबईच्या एका मालिकेत नायिकेच्या बहिणीचं काम मिळालं, आम्ही गल्लीत पेढे वाटले, आणि 'स्क्रिप्ट भिकार आहे' म्हणून तिने नकार दिला. नटाने दिलेलं बोलावं, एवढं साधं तिला कळत नाही. ऑडिशनच्या पानांवर तिने केलेली खाडाखोड तिच्या कपाटात सापडली, सोबत जोडली आहे. तिला समजवा.

उत्तर : पेढे तुम्ही वाटलेत आणि निस्तरायचं तिने? नकारापेक्षा मला याचीच काळजी वाटली. चारचौघांत तुमची मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी मुलीने रोज बारा-तेरा तास सेटवर उभं राहायचं, हे काही करिअर नव्हे.

'नटाने दिलेलं बोलावं' हे मात्र डोक्यातून काढा. 'हे वाक्य तोंडात बसत नाही' हे कुठल्याही तालमीत ऐकू येतं आणि चांगला दिग्दर्शक ते ऐकून घेतो. नाटकाला त्यासाठी महिनाभर तालीम असते, मालिकेला नसते. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येक भाग जाहिराती सोडून साधारण बावीस मिनिटांचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, वर वाहिनीच्या सूचना. गुरुवारी टीआरपी आला की कथेचा ट्रॅक फिरतो आणि मेलेला दीर परत येतो. पुष्कळदा सीन हातात पडतो तेव्हा मेकअप चालू असतो. नट मेकअप रूममध्ये कुरकुरतात आणि कॅमेऱ्यासमोर तेच वाक्य जीव ओतून म्हणतात. ते कसबच आहे. तेव्हा तिलाही सांगा, रात्रभर जागलेल्या संवादलेखकाच्या कामाला 'भिकार' म्हणणं फार सोपं आहे.

आता ती पानं. छापील सीनमध्ये सून सासूला स्वाभिमान, संस्कार आणि स्त्रीजन्म यांवर अकरा ओळी ऐकवते. तुमच्या मुलीने त्या सगळ्या खोडून पेन्सिलीने लिहिलंय : 'भात संपलाय, आई. पोळी देऊ?' मी ते दोनदा वाचलं. खाडाखोड कसली, अहो, हे संवादलेखन आहे! भूमिका नाकारणारी नटी मला या पानांत दिसलीच नाही.

अभिनयच करायचा असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी), पुणे विद्यापीठातलं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी या वाटा तिला ठाऊक असतीलच. मी म्हणेन, पुढची एकांकिका तिने स्वतः लिहावी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकवतात. त्याला पदवी लागते, म्हणून बी.एस्सी. सोडू देऊ नका. मालिकेच्या लेखकाला बहुतेकदा भागागणिक पैसे मिळतात, आणि त्याचं नाव पडद्यावर कोणी वाचत नाही. पेढे वाटायची सोय नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि पानं तिला न विचारता काढली असतील, तर परत ठेवण्याआधी तिला सांगा. मी झेरॉक्स काढलेली नाही.