‘प्लेज’ची शपथ आणि सोरोरिटीतली मावशी

‘कमला हॅरिस यांनी हॉवर्ड विद्यापीठात असताना अल्फा कप्पा अल्फा या सोरोरिटीची शपथ घेतली, असे वाचले, म्हणजे त्यांनी नेमके काय केले?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. ‘सोरोरिटी’ म्हणजे विद्यापीठातील विद्यार्थिनींचे भगिनी मंडळ, आणि मूळ इंग्रजी वाक्यातले क्रियापद ‘प्लेज’. ते दिसले की ‘शपथ’ लिहून मोकळे व्हायचे, ही खोड आता असह्य झाली आहे. अमेरिकी विद्यापीठांत ‘शी प्लेज्ड डेल्टा’ असे म्हणतात तेव्हा संस्थेचे नाव थेट कर्म म्हणून येते, आणि सदस्यत्व मिळावे यासाठी तिने नवशिकेपणाचा ठरलेला काळ काढला, असा त्याचा अर्थ असतो. या काळात संस्थापिकांची नावे आणि संस्थेचा इतिहास तोंडपाठ करायचा, सोबतच्या मुलींबरोबर एका ओळीत राहायचे, आणि दीक्षाविधी झाला की मगच सदस्य म्हणवून घ्यायचे. ओळीतल्या मुली पुढे जन्मभर एकमेकींना ‘लाइन सिस्टर’ म्हणतात. मराठीत यासाठी ‘उमेदवारी करणे’ हा जुना, नेमका प्रयोग आहे. वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करतात ती हीच, निवडणुकीतली नव्हे. (हॅरिसबाईंनी दोन्ही केल्या.)

कृष्णवर्णीय विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या संस्थांत या शब्दाला आणखी धार आहे. १९०८ साली हॉवर्डमध्ये स्थापन झालेल्या अल्फा कप्पा अल्फासह अशा आठ संस्थांनी, उमेदवारांच्या छळाच्या तक्रारींमुळे, १९९० मध्ये ‘प्लेजिंग’ अधिकृतपणे बंद केले आणि अर्ज-मुलाखतींची पद्धत आणली. तरीही केवळ कागदावर आलेल्या सदस्येला ‘पेपर’ म्हणून हिणवले जाते. हॅरिस १९८६ च्या, म्हणजे बंदीपूर्वीच्या.

आता ‘सोरोरिटी’कडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. सिरॅक्यूज विद्यापीठातील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी १८८२ च्या सुमारास गॅमा फाय बीटा या संस्थेसाठी हा शब्द घडवला, असे तिथे अभिमानाने सांगतात. हा दावा मला मान्य नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सोरोरितास’ होताच, इंग्रजीतही तो भगिनीसंघ या अर्थाने कित्येक शतके आधी आला होता, त्यामुळे स्मॉली यांच्याकडे फार तर बारशाचे श्रेय जाते, जन्माचे नाही. त्यातला ‘सोरोर’ म्हणजे बहीण, आणि तोच आपला संस्कृत ‘स्वसृ’. मराठी ‘बहीण’ ‘भगिनी’वरून आली, म्हणून ‘स्वसृ’ आपल्याकडून हरवला असे मानतात. पण ‘मातृष्वसृ’पासून प्राकृत ‘माउस्सिआ’ आणि तिथून ‘मावशी’ झाली, तेव्हा मावशीच्या ‘शी’मध्ये तो ठाण मांडून बसला आहे! २०२० च्या ऑगस्टमध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना हॅरिस यांनी कुटुंब म्हणून ज्यांची नावे घेतली, त्यांत ‘चित्ती’, म्हणजे तमिळमधील धाकट्या मावश्या, आणि अल्फा कप्पा अल्फा ही दोन्ही होती. मराठीत सांगितले असते तर एकच धातुबीज दोनदा उच्चारले गेले असते, याची हळहळ मला अजून वाटते.

‘स्वसृ’ची फोड ‘निरुक्त’ या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथाचे कर्ते यास्काचार्य ‘सु असा’ किंवा ‘स्वेषु सीदति’, म्हणजे स्वकीयांत बसणारी, अशी करतात. दुसरी फोड ऐकायला गोड असली तरी ती मागाहून जुळवलेली आहे. ‘स्व’ म्हणजे आपली आणि ‘सृ’ म्हणजे स्त्री, असे मी मानतो. ‘तिस्रः’, ‘चतस्रः’ या स्त्रीलिंगी संख्यारूपांत तोच ‘सृ’ दिसतो. काही भाषाशास्त्रज्ञ याला अटकळ म्हणतात. मात्र त्या दोन रूपांतल्या ‘सृ’चा याहून पटणारा उलगडा कोणी दाखवल्याचे मला आढळलेले नाही.

मूळ प्रश्नातले वाक्य मी असे लिहीन: ‘हॅरिस यांनी उमेदवारी करून अल्फा कप्पा अल्फा या भगिनी मंडळाचे सदस्यत्व मिळवले.’