तो स्वीडिश नव्हता, आणि ती बुरशी नाही

अमेरिकेतल्या बोली-विनोदवीरांवर, म्हणजे परक्या हेलात इंग्रजी बोलून हसवणाऱ्या नटांवर, लिहिल्यापासून त्याच शंका फिरून फिरून येताहेत. उत्तरं एकदाच देतो.

प्र. स्वीडिश हेलात बोलणारा विनोदी नट एल ब्रेंडेल स्वीडनहून अमेरिकेत कधी आला?

उ. कधीच नाही. जन्म फिलाडेल्फियाचा, 1890 चा. वडील जर्मन, आई आयरिश.

प्र. मग स्वीडिश ढंगच का? आजीकडून शिकला, असं एका व्हिडिओत ऐकलं.

उ. व्हिडिओतल्या आजीला सोडा. वॉडेव्हिलमध्ये, म्हणजे गाणं, नाच, कसरती, नकला असं सगळं एका तिकिटात, तो आधी जर्मन हेलाचं इंग्रजी बोलायचा. 1915 साली जर्मन पाणबुडीनं लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं आणि त्या हेलावर हसायला कुणी तयार होईना. विनोदी नट ग्राउचो मार्क्सनंही आपलं जर्मन सोंग तेव्हाच उतरवलं. ब्रेंडेलनं ‘जंपिंग’चं ‘यंपिंग’ केलं, झाला स्वीडिश! त्याच भांडवलावर तो बोलपटांत चालला. 1930 च्या ‘जस्ट इमॅजिन’मध्ये वीज पडून मेलेला आणि 1980 मध्ये जिवंत केलेला माणूस तोच. पुढे मात्र कोलंबिया या चित्रपट कंपनीचे दोन रिळांचे लघुपट.

प्र. ग्राउचो आणि त्याचा भाऊ चिको यांच्या 1932-33 च्या रेडिओ मालिकेचे सगळे 26 भाग ‘मूळ आवाजात’ पेनड्राइव्हवर मिळताहेत. घेऊ?

उ. नको. मूळ ध्वनिमुद्रण फार थोडं उरलंय. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडल्या त्या संहिता. त्यांवरून बीबीसीनं 1990 पासून नवे नट घेऊन मालिका केली. चिकोचा इटालियन हेल दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा असेल तर तुमची मर्जी. प्रत कशावरून केली, हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्या.

प्र. न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या तळघरात 1938 ची सोळा इंची काळी तबकडी मिळाली. लेबलवर हातानं ‘डायलेक्ट कॉमेडी’ लिहिलंय. वर पांढरी बुरशी आहे. स्पिरिटनं पुसून ग्रामोफोनवर लावू? मुलगा म्हणतो, नाताळात बघू.

उ. पुसू नका, लावू नका, आणि नाताळही विसरा. ती बहुधा बुरशी नाहीच. त्या काळी रेडिओ स्टेशनं ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर देऊन कार्यक्रम कोरत. थर मऊ राहावा म्हणून घातलेल्या एरंडेलाचे घटक वर येतात, तीच ही पांढरी पूड. ते निघून गेले की थर आकसतो. खालचा धातू आकसत नाही. मग भेगा, मग पापुद्रे. पापुद्रा सुटला की त्यावरचा आवाजही गेला, तो कुठलाही तज्ज्ञ परत आणू शकत नाही. स्पिरिटनं लॅकर विरघळतं. ग्रामोफोनची पोलादी सुई खाचा खरवडून टाकते. तबकडी कडांना धरा, थंड कोरड्या जागी उभी ठेवा आणि याच आठवड्यात ध्वनिसंग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला फोटो पाठवा. कोपऱ्यावरच्या ‘डिजिटल करून देतो’वाल्याला नव्हे.

प्र. मंडळाच्या गणपतीत असाच परका हेल काढून नक्कल केली तर चालेल?

उ. ज्यांचा हेल काढणार, त्यांच्यातल्या दोघांना आधी ऐकवून विचारा.