नव्या तलंगांना (तरुण कोंबड्यांना) जुन्या कोंबड्या टोचतात, दाण्याजवळ येऊ देत नाहीत. काय करावं?

थोडी टोचाटोची होणारच. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डरूप-एबे यांनी 1921 च्या सुमारास ती शास्त्रीय रीतीने मांडली. आपल्याकडच्या आज्यांना ती खुराड्याच्या दारातूनच दिसत होती म्हणा! नवा पक्षी आला की ती पुन्हा ठरते. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत शांतता होते.

एकटी तलंग कधीच सोडू नका, दोन-तीन एकदम सोडा. आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा, म्हणजे रोगही कळतो. मग काही दिवस मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा. एकमेकींना बघून सवय होते. अंधार पडल्यावर बसायच्या दांडीवर नेऊन ठेवलं तर सकाळचा तमाशा कमी होतो. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी, लांब लांब ठेवा. निम्मी भांडणं तिथलीच असतात.

एकच कोंबडी फार छळत असेल तर तिलाच चार-पाच दिवस बाजूला काढा. परत आल्यावर तिचा तोरा बराच उतरलेला असतो. खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी मात्र यात धरू नका, ती कोणालाही टोचते. असील, म्हणजे झुंजीच्या जातीच्या रक्ताची असेल तर भांडण जास्त, हेही गृहीत धरा.

रक्त दिसलं की वाट पाहू नका. लाल दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात. जखमी तलंग लगेच वेगळी करा, जखम धुऊन हळद लावा आणि पूर्ण भरल्यावरच परत सोडा.