लडाखचा हिरवा दगड आणि आल्प्सची गुलाबी उशी

प्रश्न: लडाखमधली चांग ला खिंड ओलांडल्यावर बाईक थांबवली तर दगडांत हा हिरवा गोळा दिसला. मॉस वाटलं, पण हात लावला तर टणक. साइज कळावी म्हणून वर हेल्मेट ठेवून फोटो काढलाय. काय आहे?

बहुतेक थायलॅकोस्पर्मम सेस्पिटोसम. मॉस नाही हो, चक्क कार्नेशनच्या कुळातलं फुलझाड आहे. फोटो झूम केला तर पानं खवल्यांसारखी दिसतायत, समोरासमोर आणि एकावर एक गच्च चढलेली, आणि त्यात हा असा टणकपणा, म्हणून मी हेच नाव घेतोय. फुलं शोधू नका, इतकी पिटुकली असतात की असली तरी सहज दिसत नाहीत. गोळा मऊ असता आणि वर पाच सुट्या पाकळ्यांची ठसठशीत पांढरी फुलं असती तर अ‍ॅरेनारिया ब्रायोफायला म्हटलं असतं, जी १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले डॉक्टर वॉलस्टन यांना ६,१८० मीटरवर सापडली होती. आणि हात लावल्यावर काटे टोचले असते तर अकँथोलिमॉन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखं झुडूप. बाकी गोळ्यावर हेल्मेट ठेवल्यामुळे साइज कळली हे खरं, पण पुढच्या वेळी शेजारी ठेवा, ही झाडं फार म्हणजे फारच हळू वाढतात.

प्रश्न: मुलगी स्वित्झर्लंडला असते, तिने गुलाबी फुलांच्या उशीचा फोटो पाठवलाय. अँड्रोसेस का सायलीन?

दोन्ही जमिनीलगत उशीसारखी गच्च वाढणारी फुलझाडं, त्यामुळे इथे गोंधळ सगळ्यांचाच होतो, माझाही झालाय. रंग बघू नका, फूल उलटं करून बघा. सायलीन अकॉलिसच्या पाचही पाकळ्या सुट्या असतात, टोकाला बहुधा खाच, आणि खाली लांबट नळीसारखा पुष्पकोश, म्हणजे पाकळ्यांखालचं आवरण. अँड्रोसेसच्या पाकळ्या बुडाशी जुळलेल्या आणि मधोमध रंगीत डोळा, आल्प्समधल्या गुलाबीत तो पिवळा. तुमच्या फोटोत डोळा नाही, पानं बारीक सुईसारखी, म्हणजे सायलीन. तिला सांगा उशीच्या कुठल्या बाजूला जास्त फुलं आहेत ते बघ, दक्षिणेकडची आधी उमलतात म्हणून याला कंपास प्लांटही म्हणतात.

प्रश्न: अशा उशीचा एक तुकडा पुण्यात कुंडीत लागेल का?

नाही. अशी उशी वाऱ्यापासून वाचायला आणि आतली ऊब धरायला बनलेली, तिला पुण्याचा मे आणि त्यावर जुलैचा चिखल म्हणजे आठवड्याभरात कुजणार. आणि मुळात उपटायचंच नाही ना! फोटो काढा: एक अख्ख्या उशीचा, एक पानांचा अगदी जवळून, एक फुलाचा बाजूने, शेजारी नाणं ठेवून. आणि उंची लिहा.