मालकी गेल्यावर माणसाचे काय जाते?

प्रश्न : इचलकरंजीत माझ्या वडिलांचे चोवीस यंत्रमाग होते. सुताच्या दरातले चढउतार आणि एका व्यापाऱ्याकडे अडकून पडलेली रक्कम यांमुळे देणी वाढत गेली. दोन वर्षांपूर्वी माग भंगाराच्या भावाने विकावे लागले आणि पाठोपाठ घरही गेले. आता आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहतो. माझ्या पगारात घर नीट चालते. आई केव्हाच सावरली. वडील मात्र लग्नकार्याला जात नाहीत आणि बाजारात जायचे झाले तर कारखान्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जातात. तरुणपणी ते दुसऱ्याच्या कारखान्यात पाळीने माग चालवत, तेव्हा हातात याहून कमी असूनही ते समाधानी होते, असे आजी सांगते. मग आताच इतके दुःख का? त्यांचे राहिलेले कर्ज पुढे माझ्यावर येईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कर्जाचे आधी सांगते, कारण ती काळजी बाजूला झाल्याशिवाय बाकीचे मनावर घेणे तुम्हाला जड जाईल. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार ९ सप्टेंबर २००५ नंतर वडिलांनी काढलेले कर्ज केवळ ‘पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य’ या आधारावर मुलाकडून वसूल करता येत नाही. त्यांच्या पश्चात तुमची जबाबदारी वारशाने तुमच्याकडे आलेल्या मालमत्तेपुरतीच राहील. तुम्ही कोठे जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल, अथवा कारखान्यात भागीदार असाल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा सगळी कागदपत्रे एकदा वकिलाला दाखवा.

आता वडिलांविषयी. डॅनियल काह्नेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. माणूस आपली स्थिती मोजतो ती शून्यापासून नव्हे, तर ज्या पातळीची त्याला सवय झालेली असते तेथपासून. आणि तेवढीच रक्कम मिळाल्याने होणाऱ्या आनंदापेक्षा ती गमावल्याचे दुःख साधारण दुप्पट जाणवते. पाळीवर काम करणाऱ्या तुमच्या वडिलांसाठी प्रत्येक नवा माग ही चढती पायरी होती. आज त्यांच्या हिशेबात ते स्वतः चोवीस मागांनी खाली आले आहेत. आजी सांगते ते आणि तुम्ही पाहता ते, दोन्ही म्हणूनच खरे आहे.

पण एवढ्याने दोन वर्षांनंतरच्या दुःखाचा उलगडा होत नाही, असे मला वाटते. लहान घराची, कमी खर्चाची सवय माणसाला हळूहळू होते. काम सुटण्याचे मात्र तसे नसते. जर्मनीत २४,००० हून अधिक लोकांची पंधरा वर्षांची माहिती तपासून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, काम सुटलेल्या लोकांचे समाधान नवे काम मिळाल्यावरही सरासरीने पूर्वीच्या पातळीवर पूर्णपणे परतत नाही. तुमच्या पत्रात ‘आई केव्हाच सावरली’ असे एक वाक्य आहे, आणि मला वाटते उत्तर त्या वाक्यातच आहे. घर बदलले तरी आईचा दिवस मोडला नाही. दोन खोल्यांतही स्वयंपाक, पाहुणे, सणवार हे सारे तिच्या हाती राहिले. वडिलांचा दिवस मात्र माग टेम्पोत चढले त्याच दिवशी संपला. सकाळी बिमे (ताण्याचे सूत गुंडाळलेले रूळ) आली का हे पाहणे, सायझिंगवाल्याला (सुताला खळ देणाऱ्याला) फोन करणे, तुटलेल्या धाग्यासाठी माग थांबला की आवाजावरूनच ओळखणे, शनिवारी कामगारांचा पगार वाटणे, या प्रत्येक गोष्टीत कोणाला तरी त्यांची गरज होती. पैसा गेला हे त्यांनी कदाचित पचवलेही असेल. आपली कोणालाच गरज उरली नाही हे पचवणे फार कठीण असते.

मुंबईच्या इतिहासातले एक मोठे दिवाळे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तेथला कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातले सर्वांत बडे दलाल. समुद्रात भराव घालून जमीन तयार करणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला, तो त्याच लाटेत. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलैला वायद्यांची देणी-घेणी चुकती करायची वेळ आली तेव्हा जवळजवळ सगळे शहर बुडाले. त्यात प्रेमचंदही बुडाले. त्यांच्या सट्ट्याने कित्येक निरपराध कुटुंबांची धूळधाण झाली, हे विसरून त्यांचे गुणगान मी करणार नाही. मात्र ते त्यानंतरही चाळीस वर्षे, १९०६ पर्यंत जगले आणि बाजारापासून दूर गेले नाहीत. आजचा मुंबई शेअर बाजार ज्या संघटनेतून उभा राहिला, त्या १८७५ च्या दलालसंघाच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते. भरभराटीत त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, तोवर त्यांच्या वैभवाला ओहोटी लागून तेरा वर्षे झाली होती. संपत्ती गेली तरी त्यांचा धंदा, धंद्यातली जाण आणि चार माणसांत बसण्याची जागा त्यांच्यापाशी राहिली.

तुमच्या वडिलांकडेही ती जाण आहे. कापड तपासणी, एखाद्या सायझिंगमध्ये देखरेख, नव्याने माग घेतलेल्या तरुणाला सल्ला, असे काही काम ओळखीतून पाहा. पगार थोडा असला तरी चालेल, पण तेथे त्यांच्या शब्दाला किंमत असली पाहिजे. घरात दर महिन्याला त्यांच्या हातावर खर्चाचे पैसे ठेवत असाल, तर ते थांबवून संयुक्त खाते काढा. मुलापुढे हात पसरावा लागू नये, ही साधी गोष्ट आहे, पण ती रोज टोचते. राहिलेल्या देण्यांची यादी त्यांच्याशेजारी बसून करा आणि आधी कोणाचे द्यायचे ते त्यांनाच ठरवू द्या. लग्नकार्यांना येण्याचा आग्रह तूर्त नको. त्यांची झोप किंवा भूक उडाली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे ते बोलत असतील, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

प्रश्न : आमची शेतजमीन महामार्गात गेली आणि मोठी रक्कम मिळाली. घर बांधले, गाडी आली. पण सासरे दिवसभर ओट्यावर बसून असतात आणि ‘पैशाने सुख येत नाही’ म्हणतात. हे खरे मानावे का?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : सरसकट मानू नये. स्वीडनमध्ये मोठ्या रकमेची लॉटरी लागलेल्या लोकांविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहाएक वर्षांनंतरही त्यांचे जीवनाविषयीचे समाधान वाढलेलेच दिसले. पैशाने औषधपाणी, शिक्षण आणि सावकारापासूनची सुटका मिळते, आणि ज्यांनी टंचाई भोगली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या हातून जमीन गेली आणि जमिनीबरोबर त्यांचा दिवसही गेला. गाडीऐवजी आधी एकदोन एकर घेतले असते तर बरे झाले असते. अजून रक्कम शिल्लक असेल तर घ्या, आणि त्यात काय पेरायचे ते त्यांनाच ठरवू द्या.